वाचकांचे प्रश्न : कंटेनरच्या आत कमांड चालवताना

कुबरनेटीसच्या (अनेक यंत्रांच्या समूहावर कंटेनर, म्हणजे वेगळ्या कप्प्यात बांधलेले प्रोग्रॅम, चालवणाऱ्या प्रणालीच्या) क्लस्टरमध्ये चालू असलेल्या कंटेनरात कमांड चालवायची, आणि तीही टर्मिनलवर हाताने न लिहिता आपल्या प्रोग्रॅममधून, या एकाच विषयावर इतकी पत्रे साठली आहेत, की या वेळचे सगळे सदर त्यालाच दिले आहे. बहुतेक पत्रे पायथनच्या अधिकृत क्लायंट लायब्ररीबद्दल आहेत, एक गो भाषेबद्दल आहे. फंक्शनांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत; कोडमध्ये ती रोमन अक्षरांत लिहावीत, आणि पायथनमध्ये शब्दांच्या मधे अंडरस्कोर द्यावा.

प्रश्न : मी पायथनमधून ‘कनेक्ट गेट नेमस्पेस्ड पॉड एक्झेक’ हे फंक्शन पॉडचे (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटाचे) नाव, नेमस्पेस (क्लस्टरमधला विभाग) आणि कमांड देऊन बोलावतो. प्रत्येक वेळी ४०० क्रमांकाची चूक आणि ‘अपग्रेड रिक्वेस्ट रिक्वायर्ड’ असा संदेश येतो. तीच कमांड त्याच यंत्रावरून ‘क्युबसीटीएल’ या टर्मिनलवरच्या साधनाच्या ‘एक्झेक’ने व्यवस्थित चालते. परवानगी कमी पडते आहे का?
(एक वाचक, हिंजवडी, पुणे)

उत्तर : परवानगीचा प्रश्न नाही, तसे असते तर चूक ४०३ क्रमांकाची आली असती. हे फंक्शन थेट बोलावायचेच नसते. ते का, हे एकदा नीट समजून घेतले की खालच्या बहुतेक पत्रांचे निम्मे उत्तर मिळून जाते, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

पॉडची यादी मागणे किंवा एखादे डिप्लॉयमेंट बदलणे ही साधी मागणी असते. आपण विचारतो, एपीआय सर्व्हर उत्तर देतो, विषय संपतो. कमांड चालवण्याचे तसे नाही. कमांड अर्धा तास चालू शकते, तिला मधेच काही वाचायला द्यावे लागते, तिचे बोलणे स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर अशा दोन वाटांनी येते, आणि शेवटी ती यशस्वी झाली की नाही हे आणखी वेगळे कळवावे लागते. म्हणून ही मागणी एचटीटीपीने सुरू होते आणि लगेच तिचे रूपांतर दोन्ही बाजूंनी उघड्या राहणाऱ्या जोडणीत व्हावे लागते. त्या रूपांतराची विनंती आपल्या कोडने केलीच नाही, एवढेच तो ४०० क्रमांकाचा संदेश सांगतो आहे.

पुढचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. एपीआय सर्व्हर स्वतः कमांड चालवत नाही. पॉड ज्या नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या यंत्रावर, आहे तेथील क्युबलेट या कुबरनेटीसच्या प्रोग्रॅमकडे, साधारणतः १०२५० क्रमांकाच्या पोर्टवर, तो ही जोडणी पुढे नेतो. क्युबलेट कंटेनर-डी किंवा क्रायो यांसारख्या, कंटेनर प्रत्यक्ष चालवणाऱ्या रनटाइमला सांगतो, आणि रनटाइम त्या कंटेनरच्या लिनक्स नेमस्पेसमध्ये (हे पॉडच्या नेमस्पेसहून वेगळे) एक नवी प्रक्रिया सुरू करतो. ही प्रक्रिया कंटेनरातल्या मुख्य प्रक्रियेची संतती नसते. ती बाहेरून आत सोडलेली असते. तिचे बोलणे त्याच मार्गाने परत येते, आणि प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या बाइटवर वाहिनीचा क्रमांक असतो : ० म्हणजे इनपुट, १ म्हणजे आउटपुट, २ म्हणजे एरर, ३ म्हणजे कमांडचा अंतिम निकाल, आणि ४ म्हणजे टर्मिनलच्या खिडकीचा बदललेला आकार. यातली ३ क्रमांकाची वाहिनी कृपया लक्षात ठेवावी. पुढे एका पत्रात सगळे तिच्यावरच अडले आहे.

आता उपाय. लायब्ररीच्या ‘स्ट्रीम’ या मॉड्यूलमध्ये ‘स्ट्रीम’ याच नावाचे फंक्शन आहे. आपले लांब नावाचे फंक्शन न बोलावता, म्हणजे त्यापुढे कंस न लावता, ते या ‘स्ट्रीम’ला पहिला अर्ग्युमेंट म्हणून द्यावे आणि पॉड, नेमस्पेस, कमांड, ‘एसटीडीआउट’ वगैरे बाकीच्या गोष्टी त्यानंतर द्याव्यात. कमांड नेहमी यादीच्या रूपात द्यावी. आत शेल आपोआप येत नाही, त्यामुळे पाइप, तारांकन किंवा डॉलरचे चिन्ह असलेली ओळ जशीच्या तशी दिली तर त्या अख्ख्या ओळीच्या नावाचा प्रोग्रॅम शोधला जातो आणि तो अर्थातच सापडत नाही. शेल हवाच असेल तर यादीत ‘एसएच’, मग ‘उणे सी’ आणि मग ती ओळ असे तीन घटक द्यावेत. त्या ओळीत बाहेरून आलेले फाइलचे नाव जोडण्याची सवय मात्र लावू नये. ओळीनंतर यादीत आधी ‘एसएच’सारखा एक नाममात्र घटक द्यावा (तो डॉलर ० होतो), मग ते नाव द्यावे आणि ओळीत डॉलर १ असे, दुहेरी अवतरणात लिहावे. नाहीतर नावात एखादा अर्धविराम आला की कंटेनरात भलतीच कमांड चालेल.

आपण पॉडमध्ये एकाहून जास्त कंटेनर असल्याचे लिहिलेले नाही, पण सेवाजाळ्याचा (सर्व्हिस मेशचा) साइडकार, म्हणजे मुख्य कंटेनरला जोडून चालणारा मदतनीस कंटेनर, असेल तर ‘कंटेनर’ हा पॅरामीटरही द्यावा लागेल. ‘क्युबसीटीएल’ पॉडवरची डिफॉल्ट कंटेनरची नोंद वाचून स्वतः निवड करते. ती सोय त्या साधनाची आहे, लायब्ररी तसे काही करत नाही.

प्रश्न : कंटेनरातली एक कमांड जेसन (माहिती मजकुराच्या रूपात मांडण्याची ठरलेली पद्धत) छापते. टर्मिनलवर ते अगदी शुद्ध दिसते. पण ‘स्ट्रीम’मधून मिळालेली स्ट्रिंग पार्सरला दिली की ‘एक्स्पेक्टिंग प्रॉपर्टी नेम एन्क्लोज्ड इन डबल कोट्स’ अशी चूक येते. स्ट्रिंग छापून पाहिली तर दुहेरी अवतरणचिन्हांच्या जागी एकेरी चिन्हे आहेत. सध्या मी सगळी एकेरी चिन्हे बदलून दुहेरी करतो आणि काम भागवतो. हे बरोबर आहे का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : हा तात्पुरता उपाय आजच काढून टाकावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या दिवशी एखाद्या मूल्यात एखादे एकेरी चिन्ह स्वतःच्या हक्काने येईल, त्या दिवशी तो फसेल.

कंटेनरातून शुद्ध जेसनच येते. ते बिघडते आपल्या बाजूला. लायब्ररीतली बहुतेक फंक्शने एपीआय सर्व्हरचे जेसन उत्तर वाचून पायथनच्या वस्तूंमध्ये बदलतात. तीच यंत्रणा, या लायब्ररीच्या अनेक आवृत्त्यांत, कमांडच्या आउटपुटवरही चालते. आउटपुट जेसनसारखे वाचता आले तर त्याचा डिक्शनरी बनतो, आणि मग फंक्शनने स्ट्रिंग द्यायची असल्यामुळे त्या डिक्शनरीचे पुन्हा स्ट्रिंगमध्ये रूपांतर होते. हे दुसरे रूपांतर पायथनच्या पद्धतीने होते, म्हणून एकेरी अवतरणे येतात, आणि ‘ट्रू’चे पहिले अक्षर मोठे होते.

अवतरणचिन्हांचा बिघाड निदान लगेच लक्षात येतो. लक्षात न येणारे रूप जास्त घातक आहे. समजा, कंटेनरातल्या फाइलमध्ये आवृत्तीचा क्रमांक १.१० असा आहे आणि आपण ती फाइल वाचणारी कमांड चालवली. १.१० हे जेसनच्या दृष्टीने वैध अपूर्णांक आहे. ते वाचले जाते, संख्या बनते, आणि परत येताना १.१ होऊन येते. कोठेही चूक दिसत नाही, आणि आपण दहाव्या आवृत्तीला पहिली समजून पुढे जातो.

उपाय एकच आणि सोपा आहे. ‘प्रीलोड कंटेंट’ हा पॅरामीटर, नावाच्या आधी एक अंडरस्कोर लावून, ‘फॉल्स’ द्यावा. मग स्ट्रिंगऐवजी जोडणीची वस्तू हाती येते. तिच्यावर ‘रन फॉरएव्हर’ मुदतीसह बोलवावे आणि नंतर ‘रीड एसटीडीआउट’ने आउटपुट घ्यावे. ते जसेच्या तसे येते. माझे मत असे, की एकोळी प्रयोग सोडले तर ‘स्ट्रीम’ नेहमी याच पद्धतीने वापरावे. त्याचे दुसरे कारण पुढच्या पत्रात आहे.

प्रश्न : आमचा पोस्टग्रेसचा डेटाबेस क्लस्टरमध्येच आहे. रोज रात्री एक पायथन स्क्रिप्ट त्या कंटेनरात ‘पीजी डम्प’ हा डेटाबेसची प्रत काढणारा प्रोग्रॅम चालवते, त्याचे आउटपुट पाइपने, दाबून लहान करण्यासाठी, ‘जीझिप’ला देते आणि फाइल एका व्हॉल्यूमवर ठेवते. स्क्रिप्टमध्ये अपवाद आला तर ईमेल येण्याची व्यवस्था आहे. तीन आठवडे एकही ईमेल आला नाही. काल सहज पाहिले तर शेवटच्या एकोणीस फाइली प्रत्येकी २० बाइटच्या आहेत. स्क्रिप्टला हे कळले कसे नाही?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपले पत्र वाचून मला अस्वस्थ वाटले, कारण अशीच रिकाम्या बॅकअपची रांग मी स्वतः सांभाळत असलेल्या एका यंत्रणेत पाहिलेली आहे, आणि ती उघडकीला आली तेव्हा बॅकअपची खरोखर गरज होती. आपल्याला ती सहज पाहताना सापडली, हे फार बरे झाले. आज रात्रीच्या आधी हाताने एक पूर्ण बॅकअप घ्यावा, दुसऱ्या डेटाबेसात तो उतरवून पाहावा, आणि मगच पुढचे वाचावे.

२० बाइट हा आकडाच बोलका आहे. काहीही न मिळाल्यावर ‘जीझिप’ जी रिकामी फाइल तयार करते ती बरोबर एवढी असते. म्हणजे ‘पीजी डम्प’ने एक अक्षरही दिलेले नाही, पासवर्ड बदलला असेल, भूमिकेचे अधिकार गेले असतील किंवा सर्व्हरची आवृत्ती डम्पच्या आवृत्तीपुढे गेली असेल. कारण त्याने स्टँडर्ड एररवर लिहिलेही असेल. ते आपल्यापर्यंत पोहोचले नाही, कारण यश-अपयशाची बातमी दोन ठिकाणी गळाली.

पहिली गळती शेलमध्ये आहे. पाइपने जोडलेल्या कमांडींचा एक्झिट कोड (संपताना कळवलेला आकडा, ० म्हणजे यश) म्हणजे शेवटच्या कमांडचा कोड. ‘पीजी डम्प’ पडला तरी ‘जीझिप’ने आपले काम चोख केले, म्हणून शेलने ० सांगितला. बॅशमध्ये ‘पाइपफेल’ हा पर्याय लावून हे टाळता येते, पण अनेक इमेजमधल्या साध्या शेलला तो पर्याय माहीतच नसतो. त्याहून सरळ वाट अशी, की पाइपच काढून टाकावा. ‘पीजी डम्प’ला ‘कस्टम’ स्वरूपात फाइल लिहायला सांगितले तर तो स्वतःच दाबून लिहितो, शेल लागत नाही, आणि एक्झिट कोड त्याचाच मिळतो.

दुसरी गळती आपल्या पायथन कोडमध्ये आहे. कंटेनरातली कमांड अपयशी ठरली तरी ‘स्ट्रीम’ अपवाद फेकत नाही. त्याच्या दृष्टीने जोडणी झाली, बोलणे आले, जोडणी बंद झाली, सगळे ठीक. कमांडचा निकाल ३ क्रमांकाच्या वाहिनीवरून वेगळा येतो. त्यात यश असेल तर तसा शब्द असतो. अपयश असेल तर तपशिलात एक्झिट कोड असतो. ‘स्ट्रीम’ नेहमीच्या पद्धतीने बोलावले, तर हाती फक्त आउटपुटची स्ट्रिंग येते आणि तो निकाल कोणीही न वाचता जातो. जोडणीची वस्तू घेतली तर तिच्यावर ‘रिटर्नकोड’ मिळतो.

त्याचे वाचन करताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. जोडणी अजून उघडी असेल तर ‘रिटर्नकोड’ ‘नन’ असतो. पायथनमध्ये ‘नन’ आणि ० दोन्ही असत्य ठरतात, म्हणून ‘कोड असत्य आहे ना, मग ठीक’ अशी तपासणी लिहिली तर अर्धवट राहिलेली कमांडही यशस्वी ठरते. तुलना ० शी स्पष्टपणेच करावी. दुसरे, ‘रन फॉरएव्हर’ला दिलेली मुदत संपली की तो शांतपणे परत येतो, चूक दाखवत नाही, तेव्हा ‘नन’ म्हणजे ‘मुदतीत संपले नाही’ असे समजून वेगळी वाट ठेवावी. तिसरे, कंटेनरात तो प्रोग्रॅमच नसेल तर निकालाच्या तपशिलात आकड्याऐवजी रनटाइमचे वाक्य येऊ शकते आणि त्याचा पूर्णांक बनवताना अपवाद येतो. तो अपवादही अपयश म्हणूनच धरावा. आउटपुट तुकड्यातुकड्यांनी वाचत असाल तर जोडणी बंद झाल्यावर दोन्ही वाहिन्या आणखी एकदा वाचाव्यात, कारण शेवटचा तुकडा अनेकदा तिथेच राहतो.

मुदत संपून आपण जोडणी सोडली म्हणून आतली कमांड थांबते, असेही नाही. ती मागे चालू राहू शकते, आणि दुसऱ्या दिवशीची तिच्यावर येऊन आदळते. कमांडच्या आधी ‘टाइमआउट’ ही छोटी आज्ञा आणि सेकंद लिहिले तर वेळेची मर्यादा कंटेनराच्या आतच लागू होते. मी ती नेहमी लावतो.

आता एक मूलभूत मुद्दा, जो आपण विचारलेला नाही. आपण बाहेरून सोडलेली प्रक्रिया त्या कंटेनरच्याच मेमरीच्या मर्यादेत मोजली जाते. डेटाबेसच्या कंटेनरला मर्यादा बेताची असेल आणि डम्पने तीत भर घातली, तर मर्यादा ओलांडली जाते. नोडवर सी-ग्रुपची (प्रक्रियांच्या मेमरीवर मर्यादा घालणाऱ्या लिनक्सच्या सोयीची) दुसरी आवृत्ती असेल, तर कुबरनेटीस १.२८ पासून नेहमीच्या मांडणीत अशा वेळी एखादी प्रक्रिया निवडून मारली जात नाही. कंटेनरातल्या सगळ्या प्रक्रिया एकदम मारल्या जातात. बॅकअप घेताना डेटाबेसच बंद पडावा, हे कोणालाही नको आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की बॅकअपसाठी कंटेनरात शिरूच नये. क्रॉनजॉब, म्हणजे कुबरनेटीसने ठरावीक वेळी चालवायचे काम, लिहावा, त्याच्या पॉडमध्ये सर्व्हरच्या आवृत्तीचा ‘पीजी डम्प’ ठेवावा, आणि त्याने नेटवर्कवरून डेटाबेसच्या सर्व्हिसला जोडून डम्प घ्यावा. त्याची मेमरी वेगळी राहते, एक्झिट कोड कुबरनेटीस स्वतः नोंदवते, अपयश आले तर ठरावीक वेळा पुन्हा प्रयत्न होतो, आणि आपल्या स्क्रिप्टला वाहिन्या वाचत बसावे लागत नाही. फाइलचा आकार तपासणे मात्र तेव्हाही सोडू नये.

प्रश्न : चाळीस पॉडमध्ये एकेक छोटी कमांड चालवण्यासाठी मी आठ थ्रेड वापरतो. काही वेळा सगळे सुरळीत होते. काही वेळा पॉडची यादी मागणाऱ्या साध्या फंक्शनमध्ये ‘हँडशेक स्टेटस २०० ओके’ अशी चूक येते. २०० म्हणजे यश ना? आणि एकदा ही चूक आली की प्रोग्रॅम पुन्हा सुरू करीपर्यंत येतच राहते.
(एक वाचक, बेंगळुरू)

उत्तर : आपण दिलेली शेवटची खूण महत्त्वाची आहे, तिच्यामुळे कारण नेमके सांगता येते.

‘स्ट्रीम’ फंक्शन आपले काम एका युक्तीने करते. लायब्ररीच्या एपीआय क्लायंटवर मागणी पाठवणारे एक फंक्शन असते. ‘स्ट्रीम’ ते बाजूला काढून ठेवते, त्या जागी वेबसॉकेटने, म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही बाजूंनी उघड्या राहणाऱ्या जोडणीने, मागणी पाठवणारे फंक्शन बसवते, आपले काम करते आणि शेवटी मूळचे परत ठेवते. एकाच थ्रेडमध्ये हे निर्धोक आहे. पण क्लायंट सामाईक असेल तर ही अदलाबदल चालू असताना दुसरा थ्रेड यादी मागायला येतो आणि त्याची साधी मागणी वेबसॉकेटच्या वाटेने जाते. सर्व्हर यादी देतो आणि २०० सांगतो. वेबसॉकेटला मात्र १०१ हवा असतो. त्याच्या लेखी २०० ही चूकच.

आता ती चूक कायमची का होते? पहिल्या थ्रेडने मूळ फंक्शन बाजूला ठेवून वेबसॉकेटचे बसवले. तेवढ्यात दुसरा आला आणि त्याने समोर दिसले ते, म्हणजे पहिल्याचे वेबसॉकेटचे फंक्शन, ‘मूळ’ समजून जपून ठेवले. पहिल्याने काम संपवून खरे मूळ परत ठेवले. नंतर दुसऱ्याने काम संपवले आणि आपल्याजवळचे ‘मूळ’ परत ठेवले. आता क्लायंटवर कायमचे वेबसॉकेटचेच फंक्शन राहिले. त्यानंतरची प्रत्येक साधी मागणी पडणार.

प्रत्येक थ्रेडला स्वतःचा एपीआय क्लायंट तयार करून द्यावा, आणि एक्झेकसाठी, म्हणजे कंटेनरात कमांड चालवण्यासाठी, वापरलेला क्लायंट इतर कामांना वापरू नये. एवढ्याने प्रश्न सुटतो. कुलूप लावूनही सुटेल, पण मग आठ थ्रेड घेण्यात फारसा अर्थ उरत नाही.

प्रश्न : ‘कॅट’ने फाइल लिहिण्याची कमांड कंटेनरात चालवून मी इनपुटमधून मजकूर पाठवतो. फाइल लिहिली जाते, पण कमांड संपतच नाही. दुसरे असे, की मजकूर इंग्रजी असताना मी काढलेला एक तोडगा चालतो (‘हेड’ला आधीच लांबी सांगणे), पण मराठी मजकूर अर्धवट तुटतो.
(एक वाचक, पणजी)

उत्तर : ‘कॅट’ इनपुट संपण्याची वाट पाहतो. ‘माझे पाठवून झाले, आता तुझे उत्तर ऐकतो’ असे सांगायची सोय, म्हणजे जोडणीची एकच बाजू बंद करण्याची सोय, वेबसॉकेटवरच्या या संवादाच्या चौथ्या आवृत्तीत नव्हती. पूर्ण जोडणी बंद केली तर निकालही हातचा जातो. पाचव्या आवृत्तीत एखादी वाहिनी बंद झाल्याचा वेगळा संकेत आला. वेबसॉकेटच्या आधी वापरल्या जाणाऱ्या जुन्या स्पिडी या जोडणीच्या पद्धतीत ही अडचण नव्हती, आणि म्हणूनच ‘क्युबसीटीएल’ने ही पाचवी आवृत्ती हाती आल्यावरच, ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या १.३१ मध्ये, वेबसॉकेटला डिफॉल्ट केले. आपल्या जोडणीवर चौथी आवृत्ती असेल तर लांबी आधी सांगण्याचा आपला तोडगा योग्यच आहे.

मराठी तुटते, कारण आपण अक्षरे मोजता आणि ‘हेड’ बाइट मोजतो. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पायथन ५ सांगतो : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते, म्हणून तोच शब्द १५ बाइटचा होतो. ‘हेड’ला ५ सांगितले तर ‘म’ पूर्ण लिहिला जातो, ‘र’चे दोन बाइट लिहिले जातात, आणि फाइल उघडल्यावर तिथे प्रश्नचिन्ह दिसते. मजकूर आधी यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करावा आणि मग त्याची लांबी घ्यावी. ‘टीटीवाय’ (टर्मिनल असल्याचा आभास देणारा पर्याय) बंद ठेवावा. तो चालू असेल तर आउटपुट आणि एरर एकत्र येतात आणि ओळींचे शेवटही बदलतात. आणि ही फाइल सेटिंगची असेल तर ती कॉन्फिगमॅपमध्ये ठेवावी, कारण कंटेनरात लिहिलेली फाइल व्हॉल्यूमवर नसेल तर कंटेनर पुन्हा सुरू होताच जाते.

प्रश्न : निरीक्षणासाठीच्या आमच्या सर्व्हिस अकाउंटला (प्रोग्रॅमने वापरायच्या खात्याला) सगळ्या रिसोर्सवर ‘गेट, लिस्ट, वॉच’ एवढेच अधिकार आहेत. सुरक्षा पाहणाऱ्या सहकाऱ्याचे म्हणणे आहे, की हे अकाउंट कंटेनरात कमांड चालवू शकते. फक्त वाचण्याच्या अधिकारात हे कसे शक्य आहे?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपले सहकारी बरोबर सांगत आहेत, आणि हा रोल, म्हणजे त्या अकाउंटला दिलेली अधिकारांची यादी, आपण लवकरात लवकर बदलावा.

कुबरनेटीसमध्ये एक्झेक हा पॉडचा उपरिसोर्स आहे, आणि रिसोर्सच्या जागी तारांकन लिहिले की सगळे उपरिसोर्सही त्यात येतात. एक्झेकसाठी ‘क्रिएट’ लागतो असे आपण गृहीत धरलेले असते. ते एचटीटीपीच्या पोस्ट पद्धतीने येणाऱ्या मागणीला लागू पडते. पण वेबसॉकेटची सुरुवात एचटीटीपीच्या गेट पद्धतीने होते, त्यामुळे आजवरच्या बहुतेक क्लस्टरांवर तिथे ‘गेट’चाच अधिकार तपासला जात आला. याचमुळे उलट बाजूची तक्रारही ऐकू येते : फक्त ‘क्रिएट’ दिलेल्या अकाउंटला पायथनमधून ४०३ येतो आणि कारण सापडत नाही. एक्झेक द्यायचेच असेल त्या रोलमध्ये दोन्ही क्रिया लिहाव्यात. द्यायचे नसेल तिथे तारांकन वापरू नये. क्लस्टरसोबत येणाऱ्या ‘व्ह्यू’ या रोलमध्ये एक्झेक नाही, ‘एडिट’मध्ये आहे. निरीक्षणाला बहुधा ‘व्ह्यू’ पुरेल.

पॉडच्या नावाने अधिकार आखता येतो, पण डिप्लॉयमेंटच्या पॉडची नावे प्रत्येक बदलाबरोबर बदलतात. स्टेटफुलसेटमध्ये नाव स्थिर असते, तिथे ही मर्यादा खरोखर उपयोगी पडते.

पासवर्डबद्दल येथेच सांगतो, कारण ते याच सहकाऱ्यांच्या नजरेला येणार आहे. एक्झेकची कमांड मागणीच्या पत्त्यातच, पॅरामीटर म्हणून जाते. ऑडिटची नोंद चालू असेल तर कमांडचा प्रत्येक शब्द, त्यात लिहिलेल्या पासवर्डसह, त्या नोंदीत उतरतो आणि ती नोंद जिथे जिथे साठवली जाते तिथे तिथे जातो. पासवर्ड कंटेनरात सीक्रेटमधून आधीच ठेवलेला असावा, किंवा इनपुटच्या वाहिनीने द्यावा.

प्रश्न : गो भाषेत ‘स्ट्रीम विथ काँटेक्स्ट’ने कमांड चालवली. अपयश आले तर एरर मिळते, पण एक्झिट कोड मिळत नाही. तो संदेशातून कापून घ्यावा का?
(एक वाचक, सिंगापूर)

उत्तर : कापू नये. क्लायंट-गोच्या ‘युटिल’मधल्या ‘एक्झेक’ या पॅकेजमध्ये ‘कोड एक्झिट एरर’ हा प्रकार आहे; ‘एरर्स डॉट ॲज’ने तो पडताळावा, त्यात कोड असतो. तो प्रकार न जुळल्यास बिघाड कमांडचा नसून जोडणीचा किंवा रनटाइमचा समजावा. ही दोन अपयशे गोमध्ये इतकी स्वच्छ वेगळी करता येतात, हे मला फार आवडते. जोडणी उभी करताना ‘न्यू फॉलबॅक एक्झिक्युटर’ वापरावा, म्हणजे आधी वेबसॉकेट करून पाहिले जाईल आणि जुन्या सर्व्हरवर ते जमले नाही तर स्पिडी.

प्रश्न : आमच्या इमेजमध्ये शेलच नाही, ‘एलएस’ही नाही. अशा कंटेनरात लायब्ररीतून काय चालवता येईल?
(एक वाचक, औंध, पुणे)

उत्तर : इमेजमध्ये जो प्रोग्रॅम आहे तेवढाच चालेल. एक्झेक बाहेरून काही आत नेत नाही. वापरकर्ताही कंटेनरचाच असतो. एपीआयमध्ये दुसरा वापरकर्ता निवडण्याची सोय नाही. इमेजमध्ये मुद्दाम शेल घालू नका, कारण तो नसणे ही आपल्या इमेजची चांगली बाजू आहे.

तपासणीपुरता एफेमेरल कंटेनर, म्हणजे चालू पॉडमध्ये नंतर घालता येणारा जादा कंटेनर, जोडावा. ही सोय १.२५ पासून स्थिर झाली आहे. पायथनमध्ये त्यासाठी पॉडच्या ‘एफेमेरल कंटेनर्स’ या उपरिसोर्सला पॅच करावे लागते. त्यात साधने असलेली इमेज द्यावी आणि ‘टार्गेट कंटेनर नेम’मध्ये आपल्या कंटेनरचे नाव लिहावे, म्हणजे त्याच्या प्रक्रिया नव्या कंटेनरातून दिसतात. मग या नव्या कंटेनरात नेहमीसारखे ‘स्ट्रीम’ चालते, आणि ‘प्रोक’ या डिरेक्टरीतल्या १ क्रमांकाच्या प्रक्रियेच्या ‘रूट’मधून, अधिकार पुरेसे असतील तर, मूळ कंटेनरच्या फाइलीही वाचता येतात. एकदा जोडलेला एफेमेरल कंटेनर काढता मात्र येत नाही. पॉड जाईपर्यंत तो त्याच्या वर्णनात राहतो. म्हणून दर पाच मिनिटांनी तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हा मार्ग घालू नये. तशी नियमित तपासणी आपल्या सेवेनेच एखाद्या एचटीटीपी पत्त्यावर द्यावी.